बाटलीची मोजणी

दुर्वाच्या दुधाच्या बाटलीत वस्ती करायला मिळावी म्हणून जंतूंनी रीतसर अर्ज केला, आणि त्याची नोटीस मंगळवारी अकराच्या टपालानं सारिकाच्या हातात पडली.

वेळसर तालुक्यात हा नियम जुनाच आहे. जंतूंना कुठंही नव्यानं राहायचं असेल, मग ती पाण्याची टाकी असो, कापलेलं बोट असो नाहीतर देवळातली घंटा, आधी अर्ज करायचा आणि घरधन्याला सात दिवसांची नोटीस द्यायची. हरकत आली तर सुनावणी लागते. सुनावणीपर्यंत जंतूंनी आत पाय ठेवायचा नाही, आणि घरधन्यानंही जागा उकळायची नाही, औषध ओतायचं नाही. साध्या पाण्यानं विसळून वापरायला मुभा असते. तालुका कचेरीत त्यासाठी वेगळी खोली आहे, स्टँपवाल्यांच्या मागच्या बाजूला. दारावर पाटी आहे, 'सूक्ष्म वस्ती विभाग. चपला बाहेर.'

अशा नोटिसा सारिकानं पाहिल्या नव्हत्या असं नाही. मागल्या वर्षी तिच्या सासूबाईंच्या, म्हणजे आत्याबाईंच्या, लोणच्याच्या बरणीला आली होती. आत्याबाईंनी हरकत घेतली नाही. "राहू देत," म्हणाल्या, "लोणचं तसंही मऊ पडलंय." आठ दिवसांत बरणीवर पांढरी साय आली आणि बरणी परड्यात ठेवून दिली. विषय संपला.

पण ही बाटली दुर्वाची होती.

दुर्वा चार महिन्यांची. जन्मली तीच वरचा ओठ फाटलेला आणि टाळूला चीर, अशी. तिला ओढून पिता यायचं नाही. अंगावर घेतलं की दूध नाकातनं बाहेर यायचं आणि पोर काळीनिळी व्हायची. मग जिल्ह्याच्या दवाखान्यातल्या सिस्टरनं ही बाटली दिली. अंगानं मऊ, लांब बोंडीची. बोटांनी हलकं दाबलं की दूध थेट जिभेच्या मागं पडतं. बाटली एकच होती, दुसरी यायला महिना लागणार होता. आली असती तरी फरक पडला नसता, कारण नोटीस एका बाटलीला नसते, बाळाच्या तोंडी लागणाऱ्या प्रत्येक बाटलीला असते.

आणि चौदा तारखेला दुर्वाच्या ओठाचं ऑपरेशन होतं. बाहेरगावचे डॉक्टर वर्षातून एकदाच शिबिराला येतात. त्यांची अट एकच, वजन पाच किलो पाहिजे आणि पोट-छाती ठीक पाहिजे. नोटीस आली त्या दिवशी तारीख पाच होती आणि दुर्वाचं वजन चार किलो आठशे पन्नास. रोज थोडं थोडं भरत होतं. जंतू बाटलीत राहायला आले, दोन दिवस जरी जुलाब लागले, तरी वजन खाली येणार आणि तारीख जाणार. पुढच्या वर्षी पोर बोलायला लागलेली असेल, त्याच ओठानं. सारिकाला पुढचा विचार करवत नव्हता.

तिनं नोटीस तीनदा वाचली. 'अर्जदार: एक बाई व तिचे कुटुंब. संख्या, अर्जाच्या वेळी, चार. जागा: बाटलीची आतील बाजू, पूर्ण. उद्देश: कायम वस्ती. बांधकाम: चिकट, स्वखर्चाने.'

"चिकट बांधकाम म्हणजे?" तिनं विचारलं.

"म्हणजे शेवाळ धरतं तसं," आत्याबाई म्हणाल्या. "एकदा घरं बांधली की पाण्यानं काय निघतात? तरी मी सांगत होते, तारेनं घास म्हणून."

"घासते की. सात वेळा घासते."

"मग आठ वेळा घासायचीस."

मोजणीदार बुधवारी आला. इंगोले त्याचं नाव. पन्नाशीचा, कानात केस, बोलायला शांत. त्यानं चपला बाहेर काढल्या, सतरंजीवर मांडी घातली, पिशवीतनं तीन पायांचं भिंग काढलं, केसाहून बारीक दोरा काढला आणि बाटली समोर ठेवून तिला नमस्कार केला. मग दोन तास तो मोजत होता. मधे एकदा फक्त पाणी मागितलं.

"बाटली कोण घासतं?" शेवटी त्यानं विचारलं.

"मीच."

"कशानं?"

"तारेच्या घासणीनं." सारिकानं हे जरा ताठ मानेनं सांगितलं. दवाखान्यातसुद्धा तिनं असंच सांगितलं होतं आणि सिस्टर 'वा' म्हणाली होती. सिस्टरला तारेचं ऐकू आलं नसावं. "दर वेळी पाजायच्या आधी. आतनं, बुडापासून गळ्यापर्यंत. हात दुखेस्तोवर."

इंगोलेंनी लिहून घेतलं. "चार महिने. रोज सात वेळा." मग वर पाहिलं. "चारशे बारा गल्ल्या निघाल्या, ताई."

"कसल्या गल्ल्या?"

त्यांनी नकाशा उलगडला. आधी पाटाएवढा, मग चादरीएवढा, मग आत्याबाईंना भिंतीला टेकून उभं राहावं लागलं. नकाशावर रस्ते होते, बोळ होते, चौक होते. एका ठिकाणी सगळे रस्ते येऊन मिळत होते आणि तिथं इंगोलेंनी बारीक अक्षरात 'बाजारास योग्य' असं लिहिलं होतं.

"ही तुमची बाटली. त्यांच्या मापानं दोन तालुके भरतात. हे बूड. इथं तुमचा हात जास्त दाबतो, म्हणून रस्ते खोल आहेत. ही गळ्याजवळची बाजू. हा एक ओरखडा बघा, हा तर ओढाच आहे, उभा जंतू आत दिसत नाही."

सारिका नकाशाच्या कडेला गुडघ्यांवर बसली. आपल्या हातून इतकं मोठं काही झालं असेल असं तिला कधी वाटलं नव्हतं. शाळेत तिला साधा जिल्ह्याचा नकाशा सरळ काढता यायचा नाही.

"हे मी केलं?"

"तुम्हीच. सरकारी वसाहतीत पण इतकी दाट आखणी नसते." इंगोले कौतुकानंच म्हणाले. मग त्यांनी चष्मा काढून पुसला. "अडचण अशी आहे की हरकत टिकणार नाही. गुळगुळीत भिंतीवर जंतू थांबत नाही, घरंगळतो. त्याला आडोसा लागतो, म्हणजे पाणी वरनं निघून जातं आणि तो खाली बसून राहतो. तो आडोसा घरधन्यानंच करून दिला, तर नियमानं त्याचा अर्थ होतो की घरधन्यानं प्लॉट पाडले."

"पण मी तर त्यांनी येऊ नये म्हणून घासत होते."

"हेतूचा कॉलम नाही त्यात."

आत्याबाई भिंतीजवळनं म्हणाल्या, "मी आठ वेळा घास म्हणत होते, ते राहू द्या."

मग इंगोलेंनी पिशवीतनं डॉक्टर छातीला लावतात तसली नळी काढली आणि एक काचपट्टी, तिच्यावर पाण्याचा एक थेंब. "अर्जदाराचं म्हणणं ऐकायचा तुम्हाला हक्क आहे. कानात घाला. हळू बोला, त्यांना जोराचा आवाज म्हणजे वादळ."

सारिकानं नळी कानात घातली. आधी नुसती सळसळ ऐकू आली, दूध उतू जायच्या आधी पातेल्याच्या कडेला होते तशी. मग बाईचा आवाज आला. समजूतदार, जरा दमलेला.

"नमस्कार बाई."

"नमस्कार." सारिकाचा हात आपोआप डोक्यावरच्या पदराकडे गेला. "अर्ज तुम्ही केलात?"

"मी कशी करीन? माझं वय सतरा मिनिटं. अर्ज केला त्या बाईनंतर आमच्यात, किती झाल्या हो इंगोलेसाहेब?"

"शंभराच्या आसपास पिढ्या," इंगोले म्हणाले.

"तेवढ्या झाल्या. पण तसं बघितलं तर ती बाई मीच. आमच्यात आई मागं राहत नाही. विसाव्या मिनिटाला आई दोन वाटांनी पुढं जाते. माझी आई मीच आहे, तिची आई पण मीच."

सारिकानं हे ऐकलं. तिची स्वतःची आई गेल्याला सहा वर्षं झाली होती.

"मग एवढ्या मोठ्या जगात तुम्हाला माझ्याच पोरीची बाटली दिसली?" तिनं विचारलं. आवाज चढू नये म्हणून तिनं मूठ आवळून धरली होती.

"पोरगी आम्हाला दिसत नाही बाई. तितकं मोठं आम्हाला दिसत नाही. आम्हाला ऊब कळली, दुधाचा वास कळला आणि आडोसा कळला. इतका आडोसा कुणी कुणासाठी करत नाही. रोज सात वेळा नवीन. आम्हाला वाटलं, कुणीतरी आमची वाट बघतंय."

सारिकानं नळी कानातनं काढली आणि इंगोलेंच्या हातात दिली. ते अर्जाची नक्कल ठेवून, बाटलीला पुन्हा नमस्कार करून निघून गेले. सुनावणी पुढच्या मंगळवारी, बारा तारखेला.

गुरुवारी दुपारी दुर्वा झोळीत झोपली तेव्हा सारिका अर्ज घेऊन उंबऱ्यात बसली. सारिका सातवी शिकलेली. वाचायची ती बोट ठेवून, सावकाश, आणि हाती आलेलं सगळं वाचायची. तेलाच्या पिशवीवरचं, औषधाच्या खोक्यावरचं, बसच्या तिकिटामागचं. सावकाश वाचणाऱ्याच्या हातून सुटत नाही काही. अर्जाचं पहिलं पान झालं, दुसरं झालं. मागच्या पानावर बारीक छपाईत कॉलम होते आणि ते नियमानं भरलेले होते.

'कॉलम नऊ. अर्जदारास मानवणारी जमीन: मेणकट. पाणी न धरणारी. खडबडीत असल्यास उत्तम. अंगाला ओढून घेणारी असल्यास फारच उत्तम.'

'कॉलम दहा. न मानवणारी जमीन: जी पाणी सोडत नाही.'

तिनं दहावा कॉलम पुन्हा वाचला. मग बोट तिथंच ठेवून बसली.

चार वाजता तिचा नवरा रामेश्वर पहिली पाळी करून आला. तो एमआयडीसीत लेपाच्या कारखान्यात होता. दवाखान्यात लागणाऱ्या नळ्या तिथं टाकीत बुडवून, वाळवून, पाकिटात घालतात. चहा घेताघेता त्यानं नकाशाची गोष्ट ऐकली आणि बशी खाली ठेवली.

"एवढंच ना? अळूच्या पानावर पाणी थांबतं का? आमच्याकडं तसला लेप आहे, एक नंबरच्या टाकीत. पाण्याचा नुसता मोती होतो आणि पळतो. तो मारून आणतो. कुणी थांबणार नाही."

"नको," सारिका म्हणाली. "पाणी थांबत नाही हो, पण यांना मेणकटच आवडतं. हे बघा, लिहिलंय."

"जंतूंनी स्वतः लिहिलंय? मग खोटं असेल."

"वीस मिनिटांच्या आयुष्यात खोटं कधी बोलायचं?"

रामेश्वरला हे पटलं. त्यानं अर्ज उलटसुलट करून पाहिला. "पाणी न सोडणारी जमीन म्हणजे काय पण? असली जमीन असते कुठं?"

सारिका उठली आणि फळीवरचा पेला घेऊन आली. आत्याबाईंना उष्णतेसाठी रोज सब्जा भिजत घालायची ती. पेल्यात काळे दाणे फुगून वर आले होते, प्रत्येकाभोवती काचेसारखा गुळगुळीत गोळा.

"बोट लावा."

त्यानं लावलं. दाणा सटकला. पुन्हा लावलं, पुन्हा सटकला.

"बी कुठं संपतं आणि पाणी कुठं सुरू होतं, कळतंय का बोटाला?" सारिका म्हणाली. "बी आत आहे. पण बीला हात कुणालाच लावता येत नाही. मधे पाणी आहे, आणि ते पाणी बी सोडत नाही."

रामेश्वरनं पेला उजेडाकडं धरला. "दोन नंबरची टाकी," तो म्हणाला. "वाळली की काही कळत नाही. ओली झाली की नळी हातातनं माशासारखी सुटते. साहेब सांगतात, भाताचं रोप लावावं तसे बारीक केस उभे असतात तिच्यावर, डोळ्याला न दिसणारे, आणि एकेक केस पाण्याला धरून बसतो. बाहेरून येईल त्याला जमीन मिळतच नाही. वरच्या वर पाणी."

"कशाला मारता तो लेप?"

"लघवीच्या नळ्यांना."

आत्याबाई आतनं म्हणाल्या, "माझ्या नातीच्या दुधाला मुताच्या नळीचा लेप."

"आई, नळी नवीन असते," रामेश्वर म्हणाला.

सारिकानं रामेश्वरच्या चुलत्याच्या फोनवरनं कचेरीत विचारून घेतलं. इंगोलेंनी नियमाचं पुस्तक काढलं, पानं चाळली, म्हणाले, "उकळायला मनाई आहे. औषधाला मनाई आहे. जमीन बदलायला मनाई नाही. पण ताई, गल्ल्या लेपाच्या जाडीइतक्याच बुजतात. गळ्याजवळच्या ओढ्याचं मी सांगू शकत नाही."

शुक्रवारी सकाळी रामेश्वर बाटली डब्याच्या पिशवीत घालून घेऊन गेला. साहेबांची परवानगी काढली. एकदा बुडवली, वाळवली, पुन्हा बुडवली. मग दिव्याखाली ठेवली, मग दोन दिवस नुसत्या पाण्यात. रविवारी संध्याकाळी बाटली घरी आली. तीन दिवस दुर्वाला वाटी-चमच्यानं पाजलं. अर्धं दूध नाकातनं, अर्धं दुपट्यावर. पोर भुकेनं रडायची आणि रडताना तो उघडा ओठ दोन बाजूंना जायचा. सारिका तिच्या दंडाला अंगठा-बोटाचा विळखा घालून बघायची. विळखा सैल होतोय का, तेवढंच बघायची, आणि पुन्हा चमचा भरायची.

मंगळवारी साडेअकराला सुनावणी. सारिका दुर्वाला खांद्यावर घेऊन गेली, रामेश्वरनं बाटली दोन्ही हातांत धरली होती. सूक्ष्म वस्ती विभागात एक टेबल, दोन बाकडी, पाण्याचा माठ आणि एक परात होती. बाकड्यावर आणखी एक म्हातारबा रुमालात काहीतरी बांधून बसले होते.

इंगोलेंनी पुकारा केला. "अर्जदार हजर?" मग एका चमच्यातल्या पाण्यावर भिंग धरून स्वतःच उत्तर दिलं, "हजर. अडीच लाख." आणि वहीत टीप केली.

पद्धत अशी होती. अर्जदारांना आत सोडायचं. थोडा वेळ द्यायचा. मग तीन पाणी द्यायची, म्हणजे तीनदा विसळायचं. तिसऱ्या पाण्यानंतर भिंतीवर जो टिकेल त्याची वस्ती मान्य. एक जरी कुटुंब टिकलं तरी मान्य. घरधन्याला ऐकायची मुभा, पण अर्जदारावर दबाव आणायचा नाही.

सारिकानं नळी कानात घातली. चमचा बाटलीत रिकामा झाला.

आधी तिला जत्रेत ऐकू यावा तसा गलका ऐकू आला. अडीच लाख बायका एकदम बोलत होत्या. मग त्यातले आवाज वेगळे व्हायला लागले.

"चौक इथंच होता ना?"

"नकाशात आहे. खाली दिसतोय पण."

"मग उतर की."

"उतरतेय गं. पाय टेकत नाही."

"अगं जमीन आहे, मला दिसतेय, पण हाताला लागत नाही. हाताला पाणीच लागतंय."

"थोडं पुढं बघू."

"पुढं पण पाणीच आहे."

सारिकाला दिसत काहीच नव्हतं. समोर एक दुधाची बाटली होती, बोटभर पाणी असलेली. पण कानात एक अख्खं गाव चाललं होतं, दोन तालुक्यांएवढ्या मुलखावरून, जमिनीच्या वर, कुठंही न टेकता. कुणी रडत नव्हतं, कुणी ढकलत नव्हतं. एकमेकींना विचारत चालल्या होत्या. ही जमीन त्यांच्या हाताला न लागणारी आपण केली, एका पेल्यातल्या सब्जावरनं, हे तिच्या मनात आलं. तिनं दुर्वाचं डोकं हातानं झाकलं.

पहिलं पाणी दिलं. इंगोलेंनी बाटली हलवून परातीत ओतली. गलका एकदम ओसरला. दुसरं पाणी दिलं. आता दूरवर कुणीकुणी बोलत होतं, रानात बोलावं तसं. तिसरं दिलं. सगळं शांत झालं.

इंगोले भिंग घेऊन बुडापासून वर यायला लागले. बूड निरंक. मधला भाग निरंक. गळ्याजवळ आल्यावर त्यांचा हात थांबला.

"एक आहे," ते म्हणाले. "ओढ्यात."

रामेश्वरनं सारिकाकडं पाहिलं. सारिकाला तो ओरखडा कोणता ते माहीत होतं. दवाखान्यातनं घरी आल्याच्या पहिल्या दिवशी घासताना तिचं रडं आवरत नव्हतं आणि तिनं घासणी फार दाबली होती.

"मग मान्य झालं का?" तिनं विचारलं.

इंगोलेंनी पुस्तक उघडलं, बोट फिरवलं. "नियमात 'कुटुंबासह' असा शब्द आहे. एकटीला कुटुंब म्हणता येत नाही. दोन व्हायची वाट बघावी लागेल." त्यांनी भिंगातनं पाहिलं. "सोळा मिनिटांची आहे. चार मिनिटं थांबू."

सगळे थांबले. पंखा फिरत होता. बाकड्यावरचे म्हातारबासुद्धा पुढं झुकून बसले होते. सारिकानं नळी ओढ्याच्या बाजूला टेकवली.

"बाई, तुम्ही आहात का?"

"आहे. धरून आहे." तोच आवाज होता, समजूतदार, दमलेला.

'सोडा' असं म्हणायचं नव्हतं. नियमात बसत नव्हतं, आणि का कोण जाणे, तोंडातही येत नव्हतं. "जागा कशी आहे?" तिनं विचारलं.

"एकीपुरती. कडेनं ते पाणी आत येतंय." मग थोड्या वेळानं, "तुमची पोरगी इथंच आहे का? काहीतरी मोठं, ऊबदार जवळ आहे."

"आहे. खांद्यावर आहे."

"तिला ही बाटलीच का लागते?"

"तिला ओढून पिता येत नाही."

"म्हणजे काय?"

सारिकानं विचार केला. ज्यांना तोंड नाही त्यांना कसं सांगायचं. "म्हणजे तोंडानं आईला धरून राहायचं असतं. तिचं तोंड फाटलेलं आहे. तिला धरता येत नाही."



"धरणं कळतं," बाई म्हणाली. "न धरता येणं आज कळलं." मग, "आता मी दोन होणार आहे, बाई. बोलू नका थोडं."

इंगोले घड्याळाकडं बघत होते. कानात एक अगदी बारीक आवाज झाला, ओला कागद हळूच विलग व्हावा तसा, आणि मग एकाच आवाजात दोघी बोलायला लागल्या.

"आहेस का गं?"

"आहे. तू राहा, मी सरकते."

"नको, तू राहा. तुझा हात धरलेला आहे."

"तो तुझाही आहे."

"मग तू नीट बस ना, मी जरा कडेला होते."

"कडेला होऊ नकोस, तिथं पाणी आहे."

"असू दे. तू बस."

"अगं तू बस."

"नाही गं, तूच."

आणि मग नळीत नुसतं पाणी होतं.

इंगोलेंनी भिंग लावलं. उजवीकडनं पाहिलं, डावीकडनं पाहिलं, बाटली उजेडाकडं धरून पाहिलं. बुडाशी एक थेंब उरला होता तो परातीत झटकला. पुन्हा पाहिलं.

"भिंत निरंक," ते म्हणाले आणि लिहायला बसले.

रामेश्वर बाटली घ्यायला पुढं झाला. सारिका तशीच उभी होती, नळी कानात, हात छातीशी. जे व्हावं म्हणून आठ दिवस ती धड जेवली नव्हती ते झालं होतं, आणि तरी तिला त्या दोघींना हाक मारावीशी वाटत होती.

"यांचं आता काय होतं?" तिनं परातीकडं बघून विचारलं.

"अर्ज नामंजूर झाला की कचेरीच्या मोरीच्या दगडावर जागा मिळते. तशी सोय आहे."

सारिकानं दुर्वाला रामेश्वरकडं दिलं. परात स्वतः उचलली, मोरीपाशी नेली आणि हिंदकळू न देता, कडेनं, सावकाश दगडावर ओतली. दगड खडबडीत होता. तिनं हात लावून बघितला.

परत आली तेव्हा इंगोले शेवटच्या रकान्यापाशी अडले होते. "कारणात 'जमीन न मानवल्यामुळे' असं लिहू?"

"नाही," सारिका म्हणाली. "जागा होती. त्यांनी एकमेकींना दिली."

"त्याला रकाना नाही, ताई."

"मग बाजूला लिहा."

इंगोलेंनी तिच्याकडं पाहिलं, मग कागदाकडं. आधी रकान्यात नियमाचं कारण लिहिलं आणि मग समासात, अगदी बारीक अक्षरात, तिनं सांगितलं तेही लिहिलं. दोन्हींवर शिक्का मारला. आदेशाची एक प्रत रामेश्वरच्या खिशात गेली. बाकड्यावरचे म्हातारबा उठले, रुमाल सोडून आपली कवळी टेबलावर ठेवली आणि कुठं कुठं खरवडली गेलीय ते इंगोलेंना दाखवायला लागले.

दोन दिवस दुर्वा त्या बाटलीतनं दर दोन तासांनी प्यायली. सारिका बाटली नुसती पाण्यात हलवायची. घासायला काही नव्हतंच. दूध आतल्या भिंतीला धरत नव्हतं, एक पांढरी रेघसुद्धा मागं राहत नव्हती.

चौदा तारखेला शिबिरात वजनकाटा पाच किलो दहा ग्रॅमवर थांबला. सिस्टरनं काटा हलवून पुन्हा पाहिला, तोच आकडा आला. बाहेरगावचे डॉक्टर पोरीचा ओठ तपासत होते. पोट विचारलं, ताप विचारला, मग शेजारी ठेवलेली बाटली उचलायला गेले तर ती त्यांच्या ओल्या बोटांतनं सुटली आणि टेबलावर गोल फिरली. त्यांनी ती दुसऱ्यांदा धरली, पुन्हा सुटली.

"ही इतकी निसरडी कशी?" त्यांनी विचारलं.

"नोटीस आली होती," सारिका म्हणाली.

"अच्छा," डॉक्टर म्हणाले, आणि दुर्वाला घेऊन आत गेले.